काळ्या पहाडीवरचा सौदा

ड्रॅक्युलाचा सिनेमा काढायचा म्हटलं की निर्मात्यापुढे आधी खर्चाची यादी येते. डोंगरमाथ्यावर जुना किल्ला हवा, बर्फ हवं, घोड्यांची बग्गी हवी, दगडी जिने, झुंबरं, मखमली पडदे, आणि हे सगळं उजळायला रात्रभर जळणारे दिवे हवेत. ज्याला हे परवडत नाही तो जंगलात जातो. जंगलाचा सेट उभारावा लागत नाही, रंगवावा लागत नाही, काम संपल्यावर मोडावाही लागत नाही. रात्रीच्या वेळी दहा पावलांपलीकडचं दिसत नसल्यामुळे आपल्याकडे काय काय नाही हे तिथे आपोआप झाकलं जातं. स्वस्त भयपटांमध्ये इतकी झाडी का असते, याचं पहिलं उत्तर हे असं वहीखात्यातलं आहे.

ही तोड फार जुनी. १९२२ साली बर्लिनमध्ये ‘नोस्फेरातू’ दाखवला गेला. फ्रीडरिश मुर्नाऊच्या या सिनेमाने ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते. पात्रांची नावं बदलली, गाव बदललं आणि काम भागवलं. स्टोकरची विधवा कोर्टाची पायरी चढली, ‘प्राणा-फिल्म’ ही कंपनी पहिल्याच सिनेमात बुडाली आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो आपल्याला पाहता येतो. त्यात तरुण नायकाला घेऊन एक बग्गी रानातून सरदाराच्या किल्ल्याकडे धावते. तिथे मुर्नाऊने चक्क फिल्मची निगेटिव्ह पडद्यावर आणली आहे. आकाश काळं आणि झाडं पांढरी. रान साधंच, त्यातलं एक पानही हललेलं नाही. पण पाहणाऱ्याला कळतं की इथून पुढे माणसांचे नियम चालणार नाहीत.

पुढे १९५८ साली इंग्लंडच्या हॅमर कंपनीने ख्रिस्तोफर लीला ड्रॅक्युला केलं आणि दातांतून गळणारं लालभडक रक्त रंगीत पडद्यावर आणलं. हॅमरचा कारभारही काटकसरीचा. थेम्सकाठी ब्रे इथल्या एका जुन्या घरात आणि त्याच्या आवारात स्टुडिओ. त्यांच्या अनेक सिनेमांतलं पूर्व युरोपातलं भयाण अरण्य म्हणजे जवळचंच बकिंगहॅमशायरमधलं ब्लॅक पार्क. लोक सुटीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन फिरायला जातात ते. ट्रान्सिल्व्हेनियाला जायची गरज कुणालाच पडली नाही. खुद्द स्टोकरही तिथे कधी गेला नव्हता.

आपल्याकडे हा धंदा ज्यांनी मन लावून केला ते रामसे, मूळचे रामसिंघानी. फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईत आले, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटलं आणि सिनेमाच्या नादाला लागले. मुलगे सात: कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला, तो पडला. त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरी करायला येतात असा एक प्रसंग होता. सिनेमा पडला तरी त्या एका प्रसंगाला लोक थरारतात, हे तुलसी आणि श्याम यांनी थिएटरात बसून पाहिलं. मग त्यांनी बापाला गळ घातली की पूर्ण सिनेमाच असा काढू.

त्यातून १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. श्याम रामसे मुलाखतींमध्ये सांगायचे की तो साधारण साडेतीन लाखांत झाला. सगळं कुटुंब आणि नटमंडळी बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेली, सरकारी विश्रामगृहात मुक्काम टाकला आणि घरच्या बायकांनी युनिटचा स्वयंपाक केला. भावांनी कामं वाटून घेतली होती. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा बघणार, किरण आवाज, अर्जुन संकलन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. पगाराचा प्रश्नच नव्हता. एरवी ज्याला आपण एकत्र कुटुंबाचं दुकान म्हणतो, त्यात इथे किराण्याऐवजी भीती विकायला होती. रामसेंच्या सिनेमाला नाकं मुरडणाऱ्या समीक्षकांनी कथा, अभिनय, मुखवटे या सगळ्यांवर लिहिलं. त्या पोळ्या लाटणाऱ्या बायकांवर फारसं कुणी लिहिलं नाही. त्या नसत्या तर साडेतीन लाखांत काही झालं नसतं.

महाबळेश्वरची निवड मात्र केवळ स्वस्ताईची नव्हती, हे तिथल्या रानात संध्याकाळी उभं राहिलं की पटतं. हंगामात बाजारपेठेतून चालताना मक्याच्या कणसांच्या आणि चपलांच्या दुकानांखेरीज काही दिसत नाही. पण एखाद्या पॉइंटचा डांबरी रस्ता सोडून दोनशे पावलं आत जा. जांभूळ, हिरडा, पिसा, गेळा. वाऱ्यापावसाने ही झाडं उंच होऊ दिलेली नाहीत. खोडं वाकडी, फांद्या एकमेकींत अडकलेल्या, त्यांवर शेवाळाचे आणि दगडफुलाचे थर. पावसाळ्यानंतरही कितीतरी दिवस सालीला हात लावला तर ओला होतो. धुकं वरून उतरत नाही. दरीतून चढून येतं आणि झाडांच्या मधल्या जागा एकेक करून भरत जातं. पुढच्या झाडाची आकृती तेवढी उरते, मागची गेलेली असतात. कॅमेरावाल्याला हे सगळं फुकटात.

एका जुन्या लाइटमन काकांनी मला या रानातल्या रात्रीचं गणित समजावलं होतं. पैसे कमी असले की आधी भरदिवसा शूटिंग करून रात्र दाखवायचा मोह होतो. लेन्सवर निळा फिल्टर लावायचा, उजेड कमी घ्यायचा, झाली रात्र. पण मग माणसाच्या पायाशी काळीकुळकुळीत सावली पडते आणि आकाश चमकतं. जत्रेतलं पोरही म्हणतं, ऊन आहे की. खरी रात्र घ्यायची तर जनरेटर आला, डिझेल आलं, मोजके दिवे आले. काका म्हणाले, “दिवे कमी असले ना, तर नटाच्या तोंडावर मारायचे नाहीत. झाडामागं उंच चढवायचे आणि मधे धूर सोडायचा. निखाऱ्यावर धूप टाकला की झालं. मग झाडाची कड तेवढी चमकते. बाई पळते ती काळी दिसते, मागचा धूर निळा दिसतो. दोन दिव्यांत आख्खं रान.” मी विचारलं, आणि भूत? ते म्हणाले, “भूत शेवटी. भुताला उजेड लागतो, उजेडाला पैसे लागतात. तोवर झाडांनीच काम करायचं.”

रामसेंचा कुठलाही सिनेमा या वाक्याच्या उजेडात पाहा. झाडं काम करत असतात तोवर तो धरून ठेवतो. मुखवटा घातलेला माणूस पूर्ण प्रकाशात आला की हसू येतं.

पण रान फुकट मिळालं तरी ड्रॅक्युलाची आणखी एक अडचण उरतेच, आणि ती पैशाची नाही. तो परका आहे. आपल्याकडच्या भुतांना नातीगोती असतात. मुंजा म्हणजे लग्नाआधी गेलेला मुलगा, म्हणून तो पिंपळावर. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. कुणाची वासना राहिलेली, कुणाचा अंत्यसंस्कार चुकलेला. गावातलं कुणीही जुनं माणूस सांगू शकतं की अमक्या विहिरीवर कोण आहे, ते कुणाच्या घरातलं आणि त्याला काय दिलं की शांत होईल. कोकणात तर राखणदार म्हणून वस्तीच्या सीमेवर राहणारेही आहेत. त्यांचा मान ठेवला की ते सांभाळतात. या मंडळींमध्ये लांब डगला घातलेला, पेटीत झोपणारा, सुळ्यांनी रक्त पिणारा सरदार कुठे बसवायचा? वटवाघूळ म्हटलं तर आपलं वटवाघूळ उंबराची आणि पेरूची फळं खाणारं. रक्तावर जगणारी वटवाघळं आहेत ती मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेत. आमच्या भागात तर झाडाला उलटी लटकलेली वाघळं पाहून कुणी दचकत नाही, पेरूची बाग असलेला तेवढा शिव्या देतो.

या पाहुण्याची गंमत अशी की तो ज्या देशात जातो तिथलं दुखणं अचूक शोधून काढतो. मुर्नाऊचा सरदार गावात येताना उंदीर आणि प्लेग घेऊन येतो. नुकतीच पहिल्या महायुद्धाची आणि साथीची मढी मोजून झालेल्या जर्मनीत हे पाहणाऱ्यांना त्याचा अर्थ कुणी सांगावा लागला नसेल. हॅमरचा ड्रॅक्युला सभ्य घरांच्या शयनगृहात खिडकीतून शिरतो आणि तिथली शहाणीसुरती बाई आतून खिडकीची कडी काढून ठेवते. त्या घरातल्या नवऱ्याला घाबरवायला एवढं पुरतं. मराठीत नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली, तेव्हा त्यांनीही रक्तपिपासूंना आपल्या मातीतलं गाव दिलं. सुळे आयात करता येतात. ते कुठे रुतवायचे हे मात्र ज्याचं त्याने ठरवावं लागतं.

तुलसी आणि श्याम रामसे यांनी ते १९९० साली ठरवलं. सिनेमाचं नाव ‘बंद दरवाजा’. बांधा हॅमरचा, यात वाद नाही. रक्त पिणारा आणि वटवाघळाचं रूप घेणारा नेवला यात आहे. ते काम अजय अगरवाल यांनी केलं. उंचापुरा देह, लांबुळका ओबडधोबड चेहरा. ‘पुराना मंदिर’मधला सामरी म्हणून ते आधीच गाजलेले. शिक्षणाने हा गृहस्थ रुरकीचा सिव्हिल इंजिनिअर. या माणसाला मुखवटा फारसा लागत नसे, म्हणजे तिथेही बचत.

पण सिनेमा सुरू होतो तो नेवल्यापासून नाही. तो सुरू होतो ठाकूर प्रतापसिंगांच्या हवेलीतून. घर भरलेलं आहे आणि वारस नाही. ठकुराईन लज्जोला मूल होत नाही. दासी महुआ, म्हणजे अरुणा इराणी, तिच्या कानाशी लागते की काळ्या पहाडीवर चल, तिथे तुझी ओटी भरेल. लज्जो जाते. तिथे नेवला तिला अट घालतो. मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर माझी. ती कबूल होते.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो माणदेशातल्या एका जत्रेत, तंबूत. तंबू टॉकीज ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. कापडी कनातींचं मोठं आवार, मधे पडदा, आणि प्रोजेक्टर ट्रकच्या हौद्यात. दिवसभर भोंग्यावर पुकारा चालायचा. जमिनीवर बसायचं, घरून आणलेलं पोतं किंवा घोंगडं अंथरून. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधे दोरी. सिनेमाला ‘ए’ प्रमाणपत्र होतं म्हणे, पण आईच्या मांडीवरच्या पोरापासून सगळा गाव आत होता. प्रत इतकी झिजलेली की पडद्यावर सतत पाऊस पडत असल्यासारखं वाटे. रात्रीची दृश्यं तर जवळजवळ काळीच. आवाज यायचा, पावलांचा, वाऱ्याचा, कुणाच्या तरी किंकाळीचा. आणि चमकणाऱ्या कडा असलेली झाडं. आमच्या बाजूला आधी चर्चा झाली ती झाडांची. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा आमचा मुलूख, रान म्हणजे बाभळी आणि बोरी. अशी झाडी असलेलं महाबळेश्वर आमच्याच सातारा जिल्ह्यातलं, पण तिथे पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि आमच्यातल्या बहुतेकींनी ते पाहिलेलं नव्हतं. माझ्या शेजारी थोरली चुलती बसली होती, आम्ही तिला नानी म्हणायचो. पडद्यावर ती गच्च झाडी आली तशी ती म्हणाली, “पानी लई दिसतंय बाई हितं.” भीती अजून लांब होती.

मग काळी पहाडी आली. हिंदी नीट न कळणाऱ्या बायकांना पुढे बसलेली एक शाळेतली बाई अर्थ सांगत होती. नेवल्याने अट घातली तशी तिने सांगितलं: मुलगा झाला तर तिचा, मुलगी झाली तर ह्याची. आमच्या बाजूची कुजबुज थांबली. दोरीपलीकडे पुरुषांत कुणीतरी शिट्टी वाजवली. आणि नानी, फार मोठ्याने नाही, आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “ह्यो निदान पोरगी मागतोय तरी.”

दोघीतिघी हसल्या. त्या हसण्यात मजा नव्हती. नानीला मुलीच होत्या. तिच्या घरात एकदा दुसऱ्या बायकोची बोलणी होऊन मोडली होती, हे मला पुष्कळ पुढे कळलं. त्या रात्री मला फक्त एवढंच जाणवलं की पडद्यावर भूत आल्यावर बायका घाबरल्या त्यापेक्षा वेगळ्या रीतीने त्या या वाक्याला गप्प झाल्या. घरी परतताना बॅटरीच्या उजेडात बाभळींच्या सावल्या हलत होत्या, आम्ही पोरं एकमेकांना चिकटून चाललो होतो. नानी सगळ्यांत पुढे होती. तिला बाभळींचं काही वाटत नव्हतं.

तिच्या बोलण्याचा अर्थ मला जसजसा लागत गेला, तसा तो सिनेमा माझ्या लेखी बदलत गेला. जरा हिशेब करून पाहा. हवेलीला मुलगा हवा आहे. मुलगा झाला असता तर काळ्या पहाडीची कुणाला आठवणही राहिली नसती. हवेलीत पेढे वाटले असते आणि सौदा कायमचा गाडला गेला असता. मुलगी झाली म्हणून ती भुताच्या वाट्याची. घर आणि भूत या दोघांमध्ये इथे भांडण नाहीच, ठरलेली वाटणी आहे. जे घराला नको ते रानाला. बाई रात्रीच्या अंधारात, दासीच्या भरवशावर, त्या झाडीतून भुताकडे चालत जाते, कारण झाडीपेक्षा घराची भीती जास्त आहे. सगळ्या भयपटांत माणसं रानातून घराकडे धावत असतात. ‘बंद दरवाजा’च्या सुरुवातीला एक बाई उलटी चालली आहे.

आणि साल कोणतं? १९९०. त्याच्या आधीच्या दशकात मुंबईत गर्भाची तपासणी करून मुलगी असेल तर पाडून देणाऱ्या दवाखान्यांच्या उघड जाहिराती चालत. आज थोडे पैसे खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या. बायकांच्या संघटनांनी त्यावर रान उठवलं, तेव्हा १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाच्या गैरवापराविरुद्ध कायदा केला. देशातला असा पहिला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. कायद्याने किती साधलं, हे जनगणना सांगते. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २०११ साली ८९४ उरल्या. ज्या काळात शिकलेली, सुस्थितीतली घरं स्वच्छ दवाखान्यात जाऊन हा सौदा करत होती, त्या काळात प्रतिष्ठित हिंदी सिनेमा प्रेमकथा आणि सूडकथा सांगण्यात गुंतला होता. मुलगी झाली तर ती माझी, हे वाक्य उच्चारलं ते मोठ्या पोस्टरवर भुताचे दात दाखवून तालुक्याच्या थिएटरांत चालणाऱ्या सिनेमाने.

रामसेंना हे म्हणायचं होतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांना तिकिटं विकायची होती. परदेशी भुताला इथल्या घरात शिरकाव मिळावा म्हणून त्यांना एक निमित्त हवं होतं आणि हाताशी जे होतं ते त्यांनी उचललं. रान हाताशी होतं तसंच हेही. वारसाची हाव, वांझपणाचा डाग, नवस, बुवा, दासीची सल्लामसलत. यातलं काहीच शोधून काढावं लागत नाही, प्रत्येक गावात पडलेलं असतं. श्रीमंत सिनेमाला भीती बाहेरून मागवता येते, राक्षसाचा पोशाख लंडनहून आणता येतो. गरीब सिनेमाला ती शेजारून उसनी घ्यावी लागते. म्हणून कधीकधी, चुकून, त्याच्या हाती खरं लागतं.

चुकून, हा शब्द मी जपून वापरते आहे. कारण हाती लागलेलं सिनेमाने पुढे सोडून दिलं. लज्जो आपली मुलगी द्यायला नकार देते आणि त्यापायी जिवाला मुकते. ठाकूर पहाडीवर जाऊन नेवल्याला भोसकतो, मुलीला परत आणतो. इथवर कथा त्या बाईची आहे. मग वर्षं उलटतात, मुलगी काम्या मोठी होते, ते काम कुनिकाने केलं आहे. तिचं एका तरुणावर मन बसतं, त्याचं दुसरीवर असतं. नकार पचवता न आल्याने ती त्याच पहाडीवरच्या काळ्या विद्येकडे वळते आणि नेवला पुन्हा उठतो. म्हणजे ज्या मुलीचा जन्माआधी सौदा झाला, तिलाच सिनेमा दोषी धरतो. तिची इच्छा हेच तिच्यातलं विष. त्यात अंघोळीची दृश्यं, ओल्या साड्या, जॉनी लिव्हरचे मधेच घुसडलेले विनोद आणि आनंद-मिलिंद यांची गाणी. बायांच्या देहावर दिवा मारायचा असेल तेव्हा मात्र दिव्यांची टंचाई नसते, हेही लक्षात येतं. रामसेंच्या प्रेमात पडून त्यांना थोर कलावंत ठरवण्याची अलीकडे शहरांत हौस आहे. ती करणाऱ्यांनी हा भाग डोळे उघडे ठेवून पाहावा.

शेवट ठरलेला. वाईटाचा नाश होतो. पण नेवल्याकडे लज्जोला कुणी पाठवलं? नेवल्याने हवेलीत येऊन तिला ओढून नेलं नव्हतं. तिला तिकडे ढकललं ते वारसाच्या मागणीने, आणि त्या मागणीच्या छातीत कुणी खंजीर खुपसत नाही. हवेली उभीच राहते. ‘बंद दरवाजा’ हा अर्धवट सिनेमा वाटतो तो मुखवट्यांमुळे किंवा थर्माकोलच्या दगडांमुळे नव्हे, या न मारलेल्या भुतामुळे.

रामसेंचा पसारा पुढे लवकरच आवरला. व्हिडिओ घरोघर गेला, केबल आली, १९९३ साली त्यांनीच ‘झी हॉरर शो’ सुरू केला आणि त्यांचं रान दिवाणखान्यातल्या खोक्यात आलं. तुलसी २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली. तंबू टॉकीज मोजक्या जत्रांपुरत्या उरल्या. आज भयपटाला संगणकावर बनवलेलं जंगल मिळतं. त्यात पान न् पान दिसतं, आणि सगळंच दिसत असल्यामुळे घाबरायला काही उरत नाही.

‘बंद दरवाजा’ आता मोबाइलवरही सापडतो. पूर्ण पाहण्याचा आग्रह मी कुणाला करणार नाही. मधला बराच भाग कंटाळवाणा आहे आणि काही भाग लाजिरवाणा. पण लज्जो काळ्या पहाडीवर जाते आणि तिची मुलगी परत येते, तेवढा सुरुवातीचा भाग जरूर पाहा. शक्य असेल तर घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा, आणि अट ऐकल्यावर ती काय म्हणते तेही ऐका.